नवं गाणं आणि कावेरीकाठचे श्रोते

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहाची कलमंही नाहीत. आज बोलायचं आहे ते श्रोत्यांविषयी. इतिहासात गवयांची नावं राहतात आणि राजांची त्याहून जास्त राहतात. समोर बसून ऐकणारा माणूस मात्र राहत नाही. खरं तर नवं गाणं टिकणार की बुडणार हे त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवर ठरत असतं.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी ‘९२४ गिलमन’ नावाचा तरुणांनीच चालवलेला एक क्लब आहे. पंक संगीताचा तो अड्डा. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. ‘ग्रीन डे’ हा बँड याच क्लबात वाढला. वेगवान गिटार, पण ओठांवर बसेल अशी चाल, अशा त्यांच्या प्रकाराला पॉप-पंक म्हणतात. १९९४ साली त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम मोठ्या कंपनीकडून आला आणि जगभर खपला. गिलमनच्या जुन्या श्रोत्यांनी मात्र त्यांना ‘विकले गेले’ असं ठरवलं आणि क्लबचं दार बंद झालं. त्या मंचावर ते पुन्हा उभे राहिले २०१५ मध्ये. आजही अशा एखाद्या बँडचा नवा अल्बम आला की तरुण मंडळींत दोन तट पडतात. काही म्हणतात हे वाढले, आणि काही म्हणतात हे बिघडले. घरातल्या मुलांचा असा वाद ऐकताना मला दर वेळी तिरुवैयारु आठवतं.

तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेला दहाबारा किलोमीटरवरचं, कावेरीच्या काठचं गाव. नावाचा अर्थच पवित्र पाच नद्या. गावात पंचनदीश्वराचं प्राचीन देऊळ आहे आणि नदीकाठी मराठेकालीन वाड्याच्या आणि घाटांच्या खुणा आहेत. पण गावाची आजची ओळख म्हणजे संत त्यागराजांची समाधी. जन्म १७६७, तिरुवारूरला. देह ठेवला ६ जानेवारी १८४७ ला, इथे. ती तिथी आपल्या पंचांगाप्रमाणे पौष वद्य पंचमी. त्या दिवशी शेकडो गायक-वादक समाधीपुढे बसून त्यांच्या पाच मोठ्या रचना, नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतली ‘पंचरत्नं’, एका सुरात म्हणतात. टीव्हीवर आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिलं असेल. पाहताना वाटतं की हे असंच युगानुयुगं चालत आलं आहे.

तसं ते नाही. पण ती गोष्ट पुढे येईल.

त्यागराजांच्या हयातीचा मोठा भाग तंजावरच्या मराठी राज्यात गेला, हे महाराष्ट्रात फारसं लक्षात घेतलं जात नाही. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. तिथून १८५५ पर्यंत भोसल्यांची ही शाखा होती. त्यागराज जन्मले तेव्हा दुसरे तुळजाराजे गादीवर होते, आणि समाधिस्थ झाले तेव्हा शेवटचे शिवाजीराजे. मधला मोठा काळ दुसऱ्या सरफोजींचा, १७९८ ते १८३२. १७९९ च्या तहाने इंग्रजांनी राज्याचा कारभार काढून घेतला आणि सरफोजींकडे किल्ला, राजवाडा आणि तनखा ठेवला. सैनिक म्हणून मला ही गोष्ट बोचते. पण खरं सांगायचं तर तलवार हातातून गेल्यामुळेच या माणसाला ग्रंथ, वैद्यक, चित्रं आणि गाणं यांना पुरेसा वेळ मिळाला. सरस्वती महाल ग्रंथालय आज जे आहे ते मुख्यतः त्याच्यामुळे आहे.

सरफोजी लहानपणी श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले. इंग्रजी आलं, त्याबरोबर पाश्चात्त्य सूरही आले. राजवाड्यात त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. त्याच्या स्वरलिपीचे कागद सरस्वती महालात आजही आहेत. विचार करा, कावेरीच्या खोऱ्यात, जिथे नादस्वराशिवाय देवाची पालखी हलत नाही, तिथे राजवाड्यातून क्लॅरिनेट आणि ढोलाचे इंग्रजी ठोके ऐकू येऊ लागले.

लष्करी बँड मी आयुष्यभर ऐकला आहे, त्यामुळे यातली अडचण मला चांगली समजते. मार्चचा जीव पावलात असतो. मिनिटाला १२० पावलं पडायची तर सूर सरळ, ताठ आणि जागच्या जागी हवा. कर्नाटक संगीताचा जीव याच्या नेमका उलट. तिथे सूर स्थिर उभा राहतच नाही, तो हलतो, झुलतो, शेजारच्या सुराला शिवून येतो. त्याला गमक म्हणतात. गमकावर वाढलेल्या कानाला बँडचं संगीत म्हणजे मीठ न घातलेला भात. पण एक वाट उघडी होती. इंग्रजांच्या नेहमीच्या चालींची स्वरमालिका आणि इथला शंकराभरणम्, म्हणजे आपला बिलावल थाट, जवळपास एकच. त्यामुळे चाल परकी असली तरी स्वर ओळखीचे वाटत.

त्या वाटेनं पहिल्यांदा कोण गेलं, तर जो सगळ्यांत कर्मठ वाटावा असा माणूस. मुत्तुस्वामी दीक्षितर, त्यागराजांचे समकालीन, श्रीविद्येचे उपासक, संस्कृतात रचना करणारे. त्यांनी बँडच्या चालींवर देवादिकांची संस्कृत पदं बांधली. या रचनांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. इंग्रजी ‘नोट’ला आपला ‘स्वर’ जोडून केलेला शब्द. अशा तीसचाळीस रचना आहेत. त्यांतली एक तर चक्क इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर, देवी श्यामलेची स्तुती! राजाचं आयुष्य मागणारी चाल घेतली आणि ती देवीपुढे ठेवली. यात मला बंड दिसत नाही आणि लाचारीही दिसत नाही. चाल आवडली, घेतली, आपल्या देवाला वाहिली, इतकंच. त्यागराजांच्याही शंकराभरणातल्या काही हलक्याफुलक्या रचनांत पाश्चात्त्य चालींचा ठसा जाणकारांना ऐकू येतो.

दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी व्हायोलिन शिकले. तंजावर दरबारातले वराहप्पैयर आणि प्रसिद्ध चार भावांपैकी वडिवेलु हेही व्हायोलिनकडे वळले. वाद्य तेच, पण बसणं बदललं. मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून, तारा षड्ज-पंचमात लावून वाजवायचं. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल होत नाही, आणि ते परदेशी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. याउलट हार्मोनियम. तीही परदेशी, तीही घरोघरी पोचलेली. तिला आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी केली ती तीन दशकं चालली. हा भेद का? व्हायोलिनच्या तारेवर बोट घसरतं, गमक निघतं. पेटीची पट्टी दाबली की सूर ठोकल्यासारखा उभा. म्हणजे श्रोत्यांचा आक्षेप दर वेळी ‘परकं’ म्हणून नव्हता. कानाला जे हवं ते त्यातून निघतं की नाही, हा प्रश्न होता. नव्याला नाकं मुरडणारा श्रोता मूर्खच असतो असं समजू नये.

आता ती प्रसिद्ध आख्यायिका. सरफोजींनी त्यागराजांना दरबारात बोलावलं, धन देऊ केलं, आणि त्यागराजांनी ते नाकारून कल्याणी रागात ‘निधि चाल सुखमा’ ही रचना केली. धनाचा ठेवा सुखाचा की रामाची सन्निधी, असा तिचा प्रश्न. शिष्यपरंपरेत हे सांगितलं जातं, आणि पुढे असंही की चिडलेल्या थोरल्या भावाने त्यांची राममूर्ती कावेरीत फेकली. आपल्याकडची मंडळी ही गोष्ट ऐकून जरा अवघडतात. राजा आपला ना! त्यांना मी इतकंच म्हणतो की तुकोबांनी शिवाजीराजांचा नजराणा परत केल्याची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा आपल्याला राजाचा अपमान दिसत नाही. दोन्ही गोष्टींचा साचा एकच आहे, आणि दोन्हींत राजा लहान होत नाही.

पण त्यागराजांचं खरं नवेपण दरबार नाकारण्यात नाही, गाण्यात आहे. एका ओळीला एकामागून एक खुलत जाणाऱ्या चाली, ज्यांना ‘संगति’ म्हणतात, त्यांनी बहरास आणल्या. ज्या रागांत पूर्वी कुणी काही बांधलेलंच नव्हतं, त्यांत त्यांनी रचना केल्या. खरहरप्रिया हा आज मैफलीचा हुकमी राग त्यांच्यामुळेच उभा राहिला. आणि हे सगळं पसरवलं ते दरबाराने नव्हे, शिष्यांनी. वालाजापेट, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम अशा तीन शिष्यशाखा. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर तर सौराष्ट्र समाजाचे, विणकरांच्या जमातीतले. राजवाड्याच्या बँडचा आवाज किल्ल्याच्या भिंतीत राहिला, आणि उंछवृत्तीने दारोदार धान्य मागत गाणाऱ्याचं गाणं सगळ्या दक्षिणेत गेलं.

आता आपल्या घरची गोष्ट, आणि माझ्या मते आजच्या विषयातली सगळ्यांत सुरेख.

मराठी कीर्तन दक्षिणेत जुनंच आहे. समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ तंजावर भागात होते. मन्नारगुडीच्या बाजूचे मेरुस्वामी इतके गोड गात की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारात ते ‘कोकिलकंठ’ म्हणून नावाजले. पण हे कीर्तन मराठी बोलणाऱ्या कुटुंबांचं, मठांचं आणि दरबाराचं होतं. तमिळ माणसाला कथा ऐकायची तर पौराणिक बसून सांगे. मधे थोडं गाणं, बाकी सगळं निरूपण.

राज्य खालसा झाल्यावर, १८६० च्या दशकात, रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांनी चातुर्मासात कीर्तनं केली. मंडळी, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. राजा उरलेला नाही. राण्या तनख्यासाठी इंग्रजांशी कोर्टकज्जे करताहेत. मराठीला दरबारात जो मान होता तो संपलेला आहे. अशा वेळी एक बुवा उभा राहतो. हातात चिपळ्या, मागे झांज, पायात ठेका. पूर्वरंग, उत्तररंग, मधेच साकी, मधेच दिंडी, लढाईच्या प्रसंगाला कटाव. एकच माणूस रावण होतो, पुढच्या क्षणी सीता होतो. समोर बसलेल्या तमिळ श्रोत्यांपैकी अनेकांना भाषा धड कळत नसणार. तरी ते हलले नाहीत.

त्यांच्यात होते कृष्ण भागवतर. हे तंजावरचेच, गळ्याचे गोड. त्यांनी मराठी कीर्तनाचा सांगाडा उचलला आणि त्यावर तमिळ, तेलुगू आणि संस्कृत गाणी चढवली. साथीला मृदंग, मागे गाणारे साथीदार, त्यागराजांच्या रचना आणि गोपालकृष्ण भारतींचं नंदनार चरित्र. त्यातून जो प्रकार उभा राहिला त्याला तमिळनाडूत ‘हरिकथा’ किंवा ‘कथाकालक्षेपम्’ म्हणतात आणि कृष्ण भागवतरांना त्याचे जनक मानतात. त्यांच्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं, सिनेमाने गर्दी ओढून नेईपर्यंत, लग्नमांडवात आणि देवळांच्या उत्सवांत हरिकथेला तोड नव्हती.

आणि आपलं काय राहिलं त्यात? शब्द राहिले. तमिळ हरिकथेत आरंभाला आजही ‘पंचपदी’ असते. कथेच्या संहितेला ‘निरूपणम्’ म्हणतात. छंदांची नावं साकी, दिंडी, ओवी, अभंग, खड्ग अशीच आहेत. तमिळ भागवतराला विचारलं तर तो ही आपल्याच कलेची नावं म्हणून सांगेल, आणि त्यात चूक काहीच नाही. दीडशे वर्षं वापरली, ती त्याचीच. साताऱ्या-पुण्याकडे दिंडी आणि साकीचे दिवस संगीत नाटकांबरोबर मावळले. त्या वृत्तांत रोजच्या व्यवहारासारखं गाणारी माणसं ऐकायची असतील तर तुम्हाला तंजावर जिल्ह्यात जावं लागेल, ही गंमत मला विसरता येत नाही.

इथे विरोध झाला नाही असं मात्र नाही. हरिकथा स्त्रीने करायला घेतली तेव्हा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वतीबाई या ब्राह्मण घरातल्या मुलीने हरिकथा करायला घेतली. पुरुष भागवतरांतल्या अनेकांना ते खपलं नाही. कथा तीच, छंद तेच, आवाज बाईचा. तेवढ्यानं धर्म बुडायला लागला. लोकांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. तिचं मराठी पदांचं पाठांतरही नावाजलेलं होतं.

आणि हाच प्रश्न घेऊन आपण समाधीपाशी परत येतो.

त्यागराजांची समाधी विसाव्या शतकाच्या आरंभी दुर्लक्षित होती. उमयाळपुरम शाखेच्या शिष्यांनी १९०३ च्या सुमारास तिची डागडुजी केली. नंतर तिल्लैस्थानमच्या नरसिंह आणि पंजू या भागवतर बंधूंनी आराधनेचा उत्सव मोठा केला, आणि मग त्यात दोन तट पडले. एकाला ‘पेरिय कच्ची’, म्हणजे थोरला पक्ष, दुसऱ्याला ‘चिन्न कच्ची’, धाकटा पक्ष. दोन्ही वेगवेगळे उत्सव करत. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. समाधीपुढे बाईने गायचं नाही.

यात बंगळूर नागरत्नम्मा आल्या. जन्म १८७८, देवदासी परंपरेतल्या, संस्कृत, कन्नड आणि तेलुगूच्या जाणकार, मद्रासच्या नामांकित गायिका. त्यांचा मराठी राज्याशी एक जुना धागा आहे. तंजावरच्या प्रतापसिंह राजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचं ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य पुढे छापलं गेलं तेव्हा ती गणिका होती हे सांगणारा भाग आणि बरंच काही गाळलेलं होतं. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये ते पूर्ण छापलं. अश्लील म्हणून गिल्ला झाला, सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती उठली स्वातंत्र्याच्या सुमारास. मराठी राजाने ज्या कवयित्रीला मान दिला, तिला विसाव्या शतकातल्या सुधारकांनी अश्लील ठरवलं. शंभर-दीडशे वर्षांत श्रोते पुढेच जातात असं नाही.

समाधीची दुरवस्था नागरत्नम्मांना त्यांच्या गुरूंच्या, बिडारम कृष्णप्पांच्या पत्रातून कळली. त्यांनी आयुष्यभराची कमाई तिथे ओतली. जागा मिळवली, समाधीवर देऊळ बांधलं, त्यागराजांची मूर्ती बसवली, आणि त्याची प्रतिष्ठा झाली. आणि मग, ज्या देवळाची वीट न् वीट हिच्या पैशाची, त्या देवळापुढे हिला गायला मनाई.

फौजेत आम्ही एक शिकतो. समोरून वाट बंद असेल तर बाजूने जायचं, पण जागा सोडायची नाही. नागरत्नम्मांनी नेमकं तेच केलं. १९२७ च्या सुमारास त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव उभा केला, त्याच तिथीला, त्याच आवारात, समाधीच्या मागच्या बाजूला. म्हणजे आता तीन उत्सव. पुढून पुरुषांचे, मागून बायकांचा. हे दहा-बारा वर्षं चाललं. शेवटी १९४० च्या सुमारास एस. वाय. कृष्णस्वामी या आयसीएस अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तिन्ही पक्ष एक झाले, आणि मग पाचही रत्नं सगळ्यांनी मिळून एकत्र म्हणायची प्रथा पडली.

मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, ते टीव्हीवरचं दृश्य! ती ‘प्राचीन परंपरा’ आकाशवाणीपेक्षा वयाने लहान आहे. ती जन्मली ती मुळात भांडण मिटवायला. संगीताच्या अंगाने पाहिलं तर ती तडजोडच आहे. पुरुषाची पट्टी वेगळी, बाईची वेगळी, आणि सगळ्यांना मिळून जी पट्टी धरावी लागते ती धड कुणालाच सोयीची नसते. चोखंदळ श्रोते अजूनही कुरकुरतात की हे गाणं नाही, घोष आहे. असेल. पण त्या घोषात बायका पुढच्या रांगेत बसतात, ही गोष्ट मला सुरेलपणापेक्षा मोठी वाटते. नागरत्नम्मा १९५२ मध्ये गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोर आहे, आणि आत त्या त्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या आहेत.

एक भांडण मिटलं तोवर दुसरं तयार होतं. गाणं कुणी गायचं हे ठरलं, आता कुठल्या भाषेत गायचं? त्यागराजांच्या रचना तेलुगू, काही संस्कृत. तमिळ मुलुखातल्या मैफलीत तमिळ गाणी शेवटी, तोंडी लावण्यापुरती. १९४१ पासून राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने तमिळ गाण्याची चळवळ उभी राहिली. १९४३ मध्ये मद्रासला ‘तमिळ इसै संघम्’ स्थापन झाला. ‘कल्की’ कृष्णमूर्तींसारखा वजनदार लेखक बाजूने उतरला. आणि १९४६ च्या आराधनेत एम. एम. दंडपाणि देशिकर यांनी समाधीपुढे गणपतीवरचं एक तमिळ गाणं म्हटलं. त्यानंतर गाणाऱ्या एका ज्येष्ठ गवयाने सन्निधी विटाळली म्हणून गायला नकार दिला, असं पेरियारांच्या ‘कुडि अरसु’ने छापलं आणि रान उठवलं. तमिळ राजकारणात ही हकीकत आजही सांगितली जाते.

या वादात मी कुणाच्या बाजूने? दोन्हींकडे मला काही दिसतं. त्यागराजांच्या समाधीपुढे त्यागराजांचंच म्हणावं, हा आग्रह मला कळतो. पण विटाळाची भाषा कळत नाही. ज्या जमिनीवर समाधी आहे तिथल्या शेतकऱ्याच्या भाषेचा विटाळ? गोव्यात आणि बेळगावात भाषेवरून झालेली भांडणं पाहिलेल्या मराठी माणसाला हे शब्द कुठे जाऊन लागतात ते वेगळं सांगायला नको.

आपल्या लष्करातला ताजा दाखला देतो. दिल्लीत २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’ ही गांधीजींच्या आवडीची ख्रिस्ती प्रार्थना अनेक दशकं वाजत आली. २०२२ मध्ये ती वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ घेतलं. निवृत्त अधिकाऱ्यांत सरळ दोन तट पडले. काहींना वाटलं, उशिरा का होईना आपलं आलं. काहींचे डोळे भरून आले, कारण त्या चालीवर त्यांनी मित्रांना निरोप दिला होता. मला दोन्ही गाणी प्रिय आहेत. म्हणून कुणी विचारलं तर मी म्हणतो, दोन्ही वाजवा, बिघडतं काय! पण चाल जुनी झाली की ती नुसती चाल राहत नाही, तिच्यात माणसं जाऊन बसलेली असतात. म्हणूनच ती बदलली की लोक इतके चवताळतात. बर्कलीची पोरं काय, नि आम्ही म्हातारे काय.

नंतरचं थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात उप्पलपु श्रीनिवास नावाचा कोवळा मुलगा विजेवर चालणारं मँडोलिन घेऊन बसला, तेव्हा जाणत्यांनी भुवया उंचावल्या. त्याच्या तारेतून गमक निघालं आणि भुवया खाली आल्या. कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनच्या पट्ट्यांशी झगडून तेच केलं. लष्करी बँडमधलं हे वाद्य, त्यातून त्यागराज! सरफोजींना ते फार आवडलं असतं, असं मला उगाच वाटतं. आणि उलट दिशेनेही वारं वाहिलं. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत हिंडले, तिथली सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणली, त्यागराजांची खरहरप्रियातली एक रचना स्वतःच्या ढंगात ध्वनिमुद्रितही केली. पं. भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत फिरले ते वही-पेन्सिल घेऊन. खाँसाहेब गेले ते कान घेऊन. १९३७ मध्ये दक्षिणेतच, पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळ कोविलच्या स्टेशनात, त्यांनी प्राण सोडला.

आता आपल्या श्रोत्यांविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी. गेली काही वर्षं कर्नाटक मैफलीच्या उत्तरार्धात अभंग म्हणायची मोठी लाट आहे. चेन्नईच्या डिसेंबरातल्या मैफलींत श्रोते अभंगाची फर्माईश करतात. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं भव्य देऊळ उभं राहिलं आहे. मरुदानल्लूरच्या सद्गुरु स्वामींनी दोनशे वर्षांपूर्वी भजनाची जी घडी बसवली, तिच्यात आपल्या संतांचे अभंग आहेतच, त्यामुळे ही लाट आकाशातून पडलेली नाही. तिथले काही कर्मठ रसिक अभंग सुरू झाला की कॅन्टीनकडे निघतात. त्यांचं सोडून द्या. आपल्याकडचे लोक काय करतात? हसतात. तमिळ लिपीत ‘ट’ आणि ‘ठ’ यांना एकच अक्षर आहे, म्हणून गाणारा ‘विट्टल’ म्हणतो, आणि पुण्या-मुंबईतला मराठी श्रोता ते गाणं मोबाइलवर एकमेकांना पाठवून उच्चारांची टिंगल करतो. ‘ळ’ मात्र त्यांचा आपल्या शहरी मुलांपेक्षा अस्सल असतो, तो कुणी ऐकत नाही.

तंजावरच्या मराठी घरांतून आज जे मराठी ऐकू येतं, त्यावरही असंच हसतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची रूपं, तमिळ हेल, मधे तेलुगू शब्द. तिथल्या वयस्क माणसांना हे हसणं ठाऊक आहे, म्हणून महाराष्ट्रातून कुणी आलं की ती हळूच इंग्रजीत बोलू लागतात. आराधनेच्या दिवसांत तिरुवैयारूला गेलात तर समाधीच्या आवाराबाहेर मांडवात भजन चालू असतं तिथे थोडं थांबा, आणि बोलायची वेळ आली तर तुम्हीच आधी मराठीत बोला.